चांद्याचा हीरशहा आणि तलावाची सनद

राजा म्हटला की तलवार, किल्ला आणि सिंहासन ह्या तीन वस्तू आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात. पाटाचे पाणी आणि भाताची बांधी ह्यांची आठवण मागाहून होते, आणि पुष्कळांना ती मुळीच होत नाही. इतिहास शिकविण्याची आमची रीतही ह्याच वळणाची असल्यामुळे, ज्या राजाने लढाया थोड्या केल्या पण रयतेला पोटभर अन्न मिळेल अशी व्यवस्था लावून दिली, त्याचे नाव वंशावळीच्या एका ओळीत येते आणि तेथेच विरते. चांद्याच्या गोंड घराण्यातील हीरशहा हा असाच एक राजा होय. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात केवळ प्राचीन वैभवाचे स्मरण करावे असा आमचा हेतू नाही. शहराची भरभराट कोणत्या निर्णयाने होते व कोणत्या निर्णयाने ती खुंटते, हा प्रश्न आज चंद्रपूरच्या महानगरपालिकेपुढे आणि चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांपुढे उभा आहे, आणि त्याचे एक उत्तर ह्या राजाने कित्येक शतकांपूर्वी देऊन ठेविले आहे.

चांद्याच्या गोंड राजांचे मूळ ठाणे वर्धा नदीच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या शिरपुरास होते. ह्या घराण्याची जी हकीकत आज आपणांस ठाऊक आहे, ती मुख्यतः भाटांच्या व जुन्या घराण्यांच्या तोंडी राहिलेली. मेजर ल्यूसी स्मिथ ह्या बंदोबस्त अधिकाऱ्याने आपल्या १८६९ सालच्या अहवालात ती एकत्र केली, आणि पुढल्याच वर्षी चार्ल्स ग्रँट ह्याच्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरात तिचा सारांश आला. ह्या परंपरेतील सनावळीविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु ऐने अकबरीत चांद्याच्या बाबाजी राजाचा उल्लेख आहे, आणि वंशावळीप्रमाणे हीरशहा त्याच्या काही पिढ्या आधीचा. म्हणजे मोगलांची सत्ता ह्या बाजूस पोहोचण्यापूर्वीच त्याची कारकीर्द होऊन गेली, इतके धरून चालण्यास हरकत नाही.

हीरशहाचा पिता खांडक्या बल्लाळशहा. ह्याच्या अंगावर गाठी व व्रण असत आणि कोणत्याही औषधाने गुण येत नसे, अशी कथा आहे. त्याची राणी मोठी सुज्ञ व धीराची होती. तिच्याच सल्ल्याने राजाने शिरपूर सोडून वर्धेच्या उत्तर तीरावर किल्ला बांधिला आणि तेथे वसलेले गाव बल्लारपूर ह्या नावाने प्रसिद्धीस आले. पुढे शिकारीस गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एक लहानसा पाण्याचा खळगा सापडला. त्या पाण्याने त्याची व्यथा हटली आणि तेथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. त्याच रानात एक ससा शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागल्याचे राजाने पाहिले. राणीला हे वर्तमान कळताच तिने ती भूमी पराक्रमाची आहे असे ठरवून सशाच्या मार्गावरच शहराचा कोट आखण्याचा सल्ला दिला. तेल ठाकूर नावाच्या कारभाऱ्याने त्याप्रमाणे पाया घातला, आणि चांदा शहराचा जन्म झाला.

सशाच्या गोष्टीवर विश्वास ठेवावा असा आमचा आग्रह नाही. अशा कथा दक्षिणेतील दुसऱ्याही कित्येक नगरांविषयी सांगतात. परंतु कथेचे कवच काढून पाहिले तर आत एक शहाणपणाचा निर्णय दिसतो. झरपट आणि इरई ह्यांच्या संगमाजवळची जागा, पिण्यास पाणी जवळ, आणि चोहोकडे शेतीस योग्य परंतु रानाने व्यापलेली जमीन, अशी ती निवड होती. ती करण्यात एका स्त्रीच्या बुद्धीचा वाटा होता हे परंपरेने मोकळेपणी कबूल केले आहे. स्त्रियांना राज्यकारभारात गती नसते असे म्हणणारांनी हे ध्यानात घ्यावे. ह्याच घराण्यात पुढे बीरशहाच्या पश्चात राणी हिराईने चांद्याचा कारभार पाहिला, ही गोष्ट तर शहरातील मुलांनाही ठाऊक आहे.

असो. बाप गेला तेव्हा हीरशहाच्या हाती जे आले ते आखलेले शहर होते, भरलेले नव्हे. कोटाचा पाया पडला होता, पण कोट पुरा झाला नव्हता. वेशी उभ्या राहावयाच्या होत्या, आणि वेशींच्या आत लोक यावयाचे होते. ह्या प्रदेशात जमिनीला तोटा नव्हता; तोटा होता तो हातांचा. जेथे रान अफाट आणि माणसे थोडी, तेथे कर वाढवून खजिना भरत नाही. जाचलेली रयत रात्रीत गाव सोडून पलीकडच्या रानात जाते. तेव्हा नव्या राजापुढे दोन मार्ग होते. शेजाऱ्यांवर स्वाऱ्या करून लुटीवर राजधानी पोसावी हा एक, आणि आपल्याच रानातून अन्न काढावे हा दुसरा. पहिला मार्ग त्या काळी राजरोस होता व त्याची कीर्तीही मोठी होई. हीरशहाने दुसरा मार्ग धरिला, ह्यातच त्याचे मोठेपण आहे.

त्याने दोन निर्णय जाहीर केले असे परंपरा सांगते. जो कोणी रान तोडून जमीन वहितीस आणील त्याला ती जमीन सनदेने मिळेल, हा पहिला. जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल, हा दुसरा. पहिला निर्णय इतर राजांनीही केलेला आढळतो. दुसरा मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात राजाने खजिन्यातून एक कवडीही द्यावयाची नव्हती. ज्या जमिनीचे काही उत्पन्न नव्हते तीच तो देत होता, आणि तीही पाणी पोहोचल्यानंतर. तलाव बांधणाऱ्याने पाळ जितकी भक्कम व जागा जितकी विचाराने निवडावी, तितके त्याचे इनाम मोठे. पाळ फुटली किंवा गाळ साचून पाणी आटले की इनामाचा अर्थच नाहीसा. म्हणजे देखरेखीसाठी निराळा अंमलदार नेमण्याची गरज नाही, दाखल्यासाठी हेलपाटे नाहीत, आणि काम न करिता मोबदला उचलण्यास वाव नाही. खाजगी लाभ आणि सार्वजनिक हित ह्यांची गाठ त्याने अशी मारिली की एकाला ओढले असता दुसरे आपोआप पुढे यावे.

तलावाचेच महत्त्व एवढे का, हे काळ्या मातीच्या मुलखातील वाचकांना कदाचित समजणार नाही. चांद्याच्या पूर्वेकडे आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पीक भाताचे. पाऊस बाराशे मिलीमीटरांच्या वर पडतो, परंतु त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत. भाताला खरा धोका आषाढात नसून भादवा सरता सरता असतो. ओंबी भरावयाच्या वेळी दोन आठवडे पावसाने पाठ फिरविली की वर्षाची मेहनत वाया जाते. अशा वेळी तलावाचे तुडुम उघडून बांध्यांत पाणी सोडले म्हणजे पीक वाचते. उंचावरच्या रानातील ओहोळ अडवून पाळ घालावयाची, जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा, आणि खालच्या अंगास पाट काढून शेते भिजवावयाची, अशी ही रचना आहे. पाणी उतरले की तळ्यात मासे, गुरांना पाणी, विहिरींना झरे, आणि उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात खत. एका पाळीवर इतकी घरे जगतात. कोहळ्यांसारख्या जातींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि ढिवर समाजाचे पोट तिच्यावर चालत आले.

ही युक्ती सर्वस्वी त्याचीच होती असे आम्ही म्हणत नाही. दक्षिणेस तेलुगू मुलखात तलाव बांधणाऱ्यास अथवा दुरुस्त करणाऱ्यास भिजलेल्या जमिनीतील भाग देण्याची दशवंद नावाची चाल होती, आणि कानडी मुलखात अशाच इनामास कट्टुकोडगे म्हणत. शिरपूरचे गोंड घराणे तर तेलुगू मुलखाच्या उंबरठ्यावरच वाढलेले. परंतु शेजाऱ्याची चांगली चाल ओळखून ती आपल्या रानाला लागू करणे, हेही राजाचे शहाणपणच होय. आमच्यातील पुष्कळांना परकी वस्तू तेवढी घेता येते, परकी अक्कल घेता येत नाही.

शेती वाढली, तसे शहरही भरू लागले. हीरशहाने चांद्याचा बालेकिल्ला व राजवाडा बांधिला आणि वेशींचे काम पुरे केले असे सांगतात. शहराच्या कोटास आज जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा अशा चार वेशी आणि चोर, विठोबा, हनुमान, मसाण व बगड अशा पाच खिडक्या आहेत. वेशींवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे जे शिल्प आहे ते गोंड राजांचे चिन्ह होय. ज्या राज्याच्या कोठारात स्वतःचे धान्य असते त्यास दुसऱ्याच्या दारी मान वाकवावी लागत नाही, हा धडा ह्या राजाच्या चरित्रातून मिळतो. कारण त्याने कोणत्याही परक्या राजास खंडणी दिली नाही अशी परंपरा आहे. त्याच्या मागून भूमा व लोकबा ह्या दोघा पुत्रांनी भांडण न करिता एकत्र कारभार चालविला, आणि नातू कर्णशहा ह्याने न्यायाची पद्धत घालून दिली. भरल्या घरातच भाऊ नांदतात आणि न्यायालाही तेथेच फुरसत मिळते. अकबराच्या काळी ह्याच घराण्यातील बाबाजीजवळ हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद ऐने अकबरीने केली आहे. आकडा फुगविलेला असला तरी त्यामागे धान्याचे बळ असलेच पाहिजे.

सुधारकाने गतकाळाची पूजा बांधू नये, त्याची परीक्षा करावी. हीरशहाच्या व्यवस्थेत दोष होते, आणि ते झाकण्याची आम्हांस गरज वाटत नाही. सनद ज्याच्या नावाची तो एकटा धनी झाला, आणि पाळीवर माती वाहणारे शेकडो हात निनावी राहिले. पुढे ह्यातूनच जमीनदार व मालगुजार ह्यांचे वर्ग बळावले, आणि तलावाच्या डागडुजीचे काम कित्येक गावी वेठीने होऊ लागले. शिवाय रान तोडील त्याला जमीन, हा निर्णय त्या काळी योग्य असेल, आज तो घातक होईल. रान हे तेव्हा अडथळा होते, आज ते भांडवल आहे; ताडोबाच्या अरण्याला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान करण्यात आले ते ह्याच जाणिवेने. तेव्हा हीरशहाच्या दोन निर्णयांपैकी पहिला इतिहासाच्या स्वाधीन करून दुसऱ्याचे मर्म तेवढे आपण उचलावे, असे आमचे मत आहे.

ते मर्म आम्ही गमावले कसे, हेही सांगितले पाहिजे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी नीळकंठशहाचे राज्य खालसा केले आणि १८५४ साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजी बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीची मालकी दिली आणि तलावही त्यांच्याच नावे लागले. स्वराज्य आल्यावर १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ साली हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे फार चांगले झाले; त्याविषयी आम्हांस तिळमात्र खेद नाही. परंतु मालगुजार काढला त्या जागी गावाला बसविण्याऐवजी सरकारी खात्याला बसविले, ही मोठी चूक झाली. पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लहान ते जिल्हा परिषदेकडे, मोठे ते पाटबंधारे खात्याकडे, अशी त्यांची वाटणी झाली. ज्याचे पीक पाळीवर अवलंबून त्याला पाळीवर अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याचे एक रोपही तेथे नाही, अशी स्थिती उत्पन्न झाली. मग तळ्यात गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, सांडवे खचले आणि पोटात अतिक्रमणे शिरली ह्यात नवल ते काय!

खेड्याची ही कथा, तर शहराची त्याहून वाईट. चांदा नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली आणि २०११ साली तिची महानगरपालिका झाली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार शहरवासीयांच्या प्रतिनिधींनी कमीअधिक प्रमाणात पाहिला आहे. ह्या काळात गोंड राजांनी दिलेल्या तळ्यांचे काय झाले? कोहिनूर तलावाचे नाव आज एका मैदानास उरले आहे. रामाळा तलाव अद्याप जिवंत आहे. परंतु त्यात सांडपाणी शिरते, जलपर्णी माजते, आणि तो वाचवावा म्हणून २०२१ साली एका नागरिकास उपोषणास बसावे लागले. हीरशहाच्या काळी तलाव बांधणाऱ्यास जमीन मिळे. आमच्या काळी तलाव बुजविणाऱ्यास भूखंड मिळतो. दोन राज्यपद्धतींतील अंतर मोजण्यास ह्याहून सोपे माप आम्हांस सुचत नाही.

ह्यावर कोणी असे म्हणतील की आता तळ्यांचे दिवस गेले. चंद्रपूरचे भाग्य कोळशात आहे, विजेत आहे, सिमेंटात व कागदात आहे. आम्ही उद्योगांचे वैरी नाही. वरोऱ्यास १८७१ पासून कोळसा निघू लागला तेव्हापासून ह्या जिल्ह्याने देशाला ऊर्जा पुरविली आहे, आणि हजारो कुटुंबांना त्यातून भाकर मिळाली आहे. परंतु वरोऱ्याची ती पहिली खाण १९०६ साली बंद पडली हेही विसरता कामा नये. खाण किती वर्षे चालेल हे तिच्या पोटावर लिहिलेले असते. तलाव किती वर्षे चालेल हे माणसांच्या मनावर असते. देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी २००९ साली केंद्रीय मंडळाने केली तीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. इरईला पूर येऊन शहरातील वस्त्या पाण्याखाली जातात आणि उन्हाळ्यात त्याच वस्त्या पाण्यासाठी ओरडतात. पाणी साठविण्याच्या जागा नाहीशा केल्या म्हणजे दोन्ही संकटे एकाच दाराने आत येतात, हे समजण्यास मोठी विद्या लागत नाही.

हीरशहाचे तत्त्व आज चालेल काय, अशी शंका असेल त्यांनी गडचिरोलीतील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाकडे पाहावे. वनहक्क कायद्याखाली ह्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जो राखील त्याचे, हेच तत्त्व येथे लागू झाले. आणि विशेष हे की सनद एकट्या पाटलाच्या नावे न होता सबंध गावाच्या नावे झाली. म्हणजे हीरशहाच्या व्यवस्थेत जो दोष होता तो ह्या गावाने दूर करून दाखविला. अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवावे असे १९९६ च्या पेसा कायद्यातही म्हटले आहे. कायदा आहे, उणीव आहे ती तो अंमलात आणण्याच्या इच्छेची.

तेव्हा आमचे मागणे थोडके आणि स्पष्ट आहे. महानगरपालिकेने शहरातील प्रत्येक तळ्याची व त्याला पाणी आणणाऱ्या नाल्याची हद्द मोजून दगड रोवावेत, ती यादी लोकांपुढे ठेवावी, आणि त्या हद्दीत एकाही भूखंडाचा नकाशा मंजूर करू नये. तसेच सांडपाण्याचे नळ रामाळ्याच्या तोंडापासून वळवावेत. जिल्हा परिषदांनी माजी मालगुजारी तलाव ग्रामसभांच्या व मासेमारी संस्थांच्या हाती दीर्घ मुदतीने द्यावेत, परंतु पाळ, सांडवा व गाळ ह्यांची निगा ही त्याची अट असावी, आणि अट मोडली तर हक्कही संपावा. तिसरे असे की, २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे खाणींतून जो पैसा येतो, त्याचा एक ठराविक हिस्सा तलावांसाठी राखून ठेवावा. जमिनीच्या पोटातून जे काढले त्यातील थोडे जमिनीच्या पाठीवर परत ठेवणे, हा केवळ न्याय आहे.

ह्यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा नको, कर्ज नको, मुंबईहून किंवा दिल्लीहून तज्ज्ञ आणावयास नको. सभागृहात ठराव आणणारा एक सभासद, त्यास अनुमोदन देणारा दुसरा, आणि ठराव पार पडतो की नाही हे पाहण्यास जागे असलेले नागरिक, इतकेच पुरे आहे. हीरशहा राजा होता. त्याचा शब्द हाच कायदा होता, आणि तो शब्द त्याने रयतेच्या पोटासाठी खर्चिला. आज तो अधिकार मताच्या रूपाने प्रत्येक चांदेकराच्या हाती आला आहे. पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवारास जातीचा व गटाचा प्रश्न करण्याआधी तळ्याचा प्रश्न करावा, आणि तो कोणत्या बाजूस उभा आहे, पाळ बांधणाराच्या की तळे बुजविणाराच्या, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. जटपुऱ्याच्या वेशीवरील सिंहाखालून रोज ये-जा करणाऱ्या लोकांनी आपल्या एका जुन्या राजाचे एवढे ऋण फेडावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.